आग्नेय कोपऱ्यातली डबी

वेरिबीतलं आमचं घर विकलं गेलं तेव्हा दोन गोष्टी मागे राहणार होत्या. एक लिंबाचं झाड. त्याचं वाईट मला एकटीलाच वाटत होतं. दुसरी एक तांब्याची डबी. ती परसात कुठेतरी पुरलेली होती, आणि तिच्यापायी माझ्या सासऱ्यांनी अन्नपाणी सोडायचंच बाकी ठेवलं होतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही तो प्लॉट घेतला. वसाहतीच्या तोंडाशी दगडी कमान, कारंजं आणि सहा झेंडे होते. बस नव्हती. वसाहतीच्या नावात सरोवर होतं, आणि सरोवराच्या जागी पावसाचं पाणी साठवायचा एक खड्डा होता, त्यात दोन बदकं. ती बदकंसुद्धा विक्री विभागानेच आणून सोडली असावीत असा मला संशय होता. वेरिबी म्हटलं की त्या काळी मेलबर्नची माणसं सांडपाण्याच्या शेतीची आठवण काढून नाक धरायची. पण जमीन परवडणारी होती, आणि आमच्या नाकाला मुंबईने चांगलं तयार केलं होतं.

सासू-सासरे तेव्हा सहा महिन्यांसाठी आले होते. वास्तुशांत खरं तर घर बांधून झाल्यावर करतात, पण तोवर त्यांचा व्हिसा संपणार होता. शिवाय इथे घर एका सलग काँक्रीटच्या थरावर बसवतात. तो फोडून वास्तुपुरुषाची प्रतिमा पुरायची आहे असं बिल्डरला सांगितलं असतं तर त्याने करार परत केला असता. तेव्हा सासऱ्यांनी मार्ग काढला: घर व्हायच्या आधी, मोकळ्या प्लॉटच्याच आग्नेय कोपऱ्यात प्रतिमा पुरायची. गुरुजी मिळेनात. जे एक होते ते सोमवार ते शुक्रवार इन्शुरन्स कंपनीत असत आणि त्यांचे शनिवार-रविवार पुढच्या चार महिन्यांपर्यंत बुक असत. सासरे म्हणाले, पोथी आहे, वाचता येतं, दिशा मला कळतात. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, पुण्यात पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता. देवावर त्यांचा विश्वास बेताचा, पण रीतसर गोष्टींवर पुरेपूर.

एप्रिलातल्या एका शनिवारी माझी लायब्ररीत ड्यूटी होती. नवऱ्याने दोघांना प्लॉटवर सोडलं आणि तो फरश्या निवडायला बिल्डरच्या ऑफिसात गेला. चार खुंट्या, दोरी आणि विक्रीचा एक भलामोठा फलक, एवढंच त्या जमिनीवर होतं. दोन तास ते दोघेच तिथे होते. त्यांनी खुरप्याने खड्डा केला, डबी पुरली, नारळ फोडला. संध्याकाळी सासूबाई, आमच्या आई, भाड्याच्या घराच्या स्वयंपाकघरात माझ्याशेजारी उभ्या राहून पेढे उन्हात मऊ झाल्याची तक्रार करत होत्या, आणि तिथल्या सावलीबद्दल काहीतरी म्हणाल्या. मी कांदा चिरत होते. अर्धंच ऐकलं.

पुढे पाच वर्षं आम्ही त्या घरात राहिलो. डबी आग्नेयेला आहे एवढं सगळ्यांना माहीत होतं. त्याहून जास्त कुणी विचारलं नाही.

त्यातल्या चौथ्या वर्षाच्या शेवटी आई गेल्या. वर्षभराने सासरे एकटेच आमच्याकडे आले. त्याच सुमारास नवऱ्याला दूरच्या टूवूंबा गावातल्या विद्यापीठात नोकरी मिळाली आणि घर विकायला निघालं. घर विकलं गेल्याची पाटी लागली त्या दिवशी बाबांनी मला बागेतल्या बाकावर बसवून घेतलं आणि खिशातून कापसात गुंडाळलेली मोत्यांची एक कुडी काढली.

त्या कुड्या आईंच्या लग्नातल्या. ऑस्ट्रेलियाहून परत गेल्यावर त्यातली एक नाहीशी झाली होती. प्रवासात कुठेतरी पडली असेल, असं आई सांगत. बाबांनी त्यावरून त्यांना चार वर्षं बोल लावले होते. वेंधळेपणा या विषयावर त्यांचं जे ठरलेलं भाषण होतं, त्यात ती कुडी कायमचं उदाहरण होऊन बसली होती. लग्नकार्यात, पाहुण्यांसमोर, डॉक्टरांसमोरसुद्धा. आई ऐकून घेत. त्या गेल्यावर दागिन्यांचा डबा आवरताना बाबांच्या हातात दुसरी कुडी आली.

“एक गोष्ट माझ्या तेव्हा लक्षात आली नाही,” ते मला म्हणाले. “हरवलेली वस्तू शोधल्याशिवाय ती कधी राहिली नाही. साधी टाचणी असली तरी घर उलटंपालटं करायची. ही मात्र तिने शोधलीच नाही.”

डबी पुरताना आईंनी नारळ धरायला लावून त्यांना क्षणभर तोंड फिरवायला सांगितलं होतं, हेही त्यांना आता आठवत होतं. कुडी डबीत असेल तर ती हरवली नव्हती. नसेल तर हरवली होती आणि त्यांचं भाषण निदान खरं होतं. यातलं काय ते त्यांना घर दुसऱ्याचं व्हायच्या आत कळायला हवं होतं. आमच्या हातात तीन शनिवार होते.

आता शेजाऱ्याकडे यायला हवं. आमच्या कुंपणापलीकडे एक निवृत्त रेल्वे कामगार आणि त्याची बायको राहत. चाळीस वर्षं तो रूळ तपासत चालला होता. निवृत्त झाल्यावरही खाली बघत चालायची सवय सुटेना, म्हणून त्याने मेटल डिटेक्टर घेतला, असं त्याची बायको सांगे. दर शनिवार-रविवारी तो जुन्या सोन्याच्या खाणींच्या मुलखात, बॅलरॅटच्या पलीकडे जाई. त्याची मतं ठाम होती. नशीब हा शब्द आळशी लोकांनी शोधून काढला आहे. डिटेक्टरची तबकडी जमिनीलगत, सावकाश, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढवून फिरवायची, हेडफोनमधला प्रत्येक आवाज ऐकायचा, आणि आवाज आला की खणायचं, मग तो शंभरावा खिळा का असेना. सापडलेली प्रत्येक वस्तू तो वहीत लिहून ठेवी: जागा, खोली, आवाज कसा होता, आणि शेवटच्या रकान्यात, कशी सापडली. त्या रकान्यात ‘नशिबाने’ असं त्याने एकदाही लिहिलं नव्हतं.

या छंदाचा एक क्लबही होता. त्याला अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस आणि घटना होती. वर्षातून एकदा कोट घालून मेजवानी होई आणि वर्षातल्या सर्वोत्तम शोधाला पितळी ढाल मिळे. दहा वर्षांत आमच्या शेजाऱ्याला ती ढाल मिळाली नव्हती. त्याच्या बायकोला मिळाली होती, आणि ती क्लबची सभासदही नव्हती. एका सहलीत ती चहाचा थर्मास घेऊन उतारावरून येताना घसरली, हात टेकला, आणि हाताखाली मसुराच्या डाळीएवढा सोन्याचा कण निघाला. तो ती साखळीत घालून गळ्यात मिरवी. यावर नवऱ्याचं म्हणणं, तो ओढा मी निवडला होता, जुना नकाशा बघून, तीन आठवडे अभ्यास करून. बायकोचं म्हणणं, ओढा तू निवडलास, घसरले मी. हा वाद मी कुंपणावरून इतक्यांदा ऐकला होता की दोघांच्याही बाजू मला पाठ होत्या. माझा स्वतःचा कल बायकोकडे होता. बक्षिसाच्या ढाली ज्या छंदात असतात त्यात नशिबाचा वाटा मोठा असतो, असा माझा अनुभव आहे. लायब्ररीच्या खात्यातही तसंच होतं.

त्याला सगळं सांगितल्यावर त्याने टोपी काढली, बाबांशी हस्तांदोलन केलं आणि म्हणाला, “नो वरीज, मेट. डबी आहे ना, मग सापडणार.” पुरलेली वस्तू, ठाऊक असलेला कोपरा, पुरणारा माणूस शेजारी हजर: एवढी सोपी शोधमोहीम त्याच्या वहीत दुसरी नव्हती.

पहिल्या शनिवारी त्याने आग्नेय कोपऱ्यात दोऱ्या ताणून पाटा-वरवंट्याएवढे चौकोन आखले. बाबा शेजारी उलट्या बादलीवर बसले. वेरिबीची जमीन म्हणजे काळी चिकणमाती आणि तिच्यात लोहाचे काळे दगड. डिटेक्टर अशा दगडालाही साद देतो, म्हणून तो कोपरा दिवसभर किरकिरत होता. संध्याकाळपर्यंत निघालं ते असं: बिल्डरच्या माणसांनी टाकलेले खिळे, विटा बांधायची तार, बियरच्या बाटल्यांची झाकणं, आणि एक स्टीलची वाटी. वाटीवर अक्षरं कोरलेली पाहून शेजाऱ्याचे डोळे चमकले. काहीतरी प्राचीन लागलं असं त्याला वाटलं. ते माझ्या आईचं नाव होतं, लग्नात दिलेल्या भांड्यांवर घातलेलं. ती वाटी हरवल्यावरून मी एका मैत्रिणीबद्दल तीन वर्षं मनात अढी धरून होते. बाबा वाटीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

दुसऱ्या शनिवारी त्याने चौकोन वाढवले आणि फूटभर आणखी खोल गेला. आणखी खिळे. संध्याकाळी त्याने जरा संकोचत विचारलं की कोपरा हाच, याची खात्री आहे ना. बाबांनी त्याला अत्यंत स्वच्छ इंग्रजीत सांगितलं की त्यांनी पस्तीस वर्षं भूगोल शिकवला आहे, आणि दिशा त्यांनी दुपारी बाराच्या सूर्यावरून, घड्याळ लावून ठरवल्या होत्या. शेजाऱ्याच्या भुवया किंचित हलल्या, पण मास्तर माणसाला प्रश्न विचारायचा नाही हे त्याला शाळेतच शिकवलेलं असावं. हा गडी म्हणतो तर तसंच असेल, एवढं पुटपुटत तो डिटेक्टर पुसायला लागला. त्या रात्री बाबा अर्धीच पोळी खाऊन उठले. नवऱ्याने त्यांना समजवायचा प्रयत्न केला की पाच वर्षांत माती सरकते, बिल्डरच्या यंत्राने डबी उचलून नेली असेल. ते म्हणाले, असेल. जी गोष्ट पटली नाही तिला ते नेहमी असंच ‘असेल’ म्हणत.

तिसरा शनिवार शेवटचा. गुरुवारी किल्ल्या द्यायच्या होत्या. घरात खोकीच खोकी. शेजारीण केक घेऊन आली, वर चॉकलेटचा जाड थर. परसात टेबल उरलं नव्हतं, म्हणून तिने ताटली खाली, हातगाडीच्या सावलीजवळ ठेवली. सावलीत नव्हे, सावलीच्या डाव्या कडेच्या बाहेर, चक्क उन्हात. मी म्हटलं, अगं, आत सरकव, वितळेल. ती म्हणाली, थांब जरा, सावली इकडेच येतेय. आम्ही चहा करायला आत गेलो, कपांची खोकी शोधता शोधता अर्धा तास गेला. परत आलो तेव्हा केक सावलीत होता.

मी चहाचा ट्रे हातात धरून तशीच उभी राहिले. कांदा चिरताना अर्धवट ऐकलेलं बोलणं मला आता पूर्ण ऐकू आलं. आई म्हणाल्या होत्या, फलकाच्या सावलीत पेढ्यांचा डबा मी अगदी विचार करून ठेवला होता हो, सावली जिकडे सरकणार त्या बाजूला. गच्चीवर पापड-कुरडया वाळवण्यात जन्म गेला, मला का ते कळत नाही? पण तिथली सावली उलटीच चालली. यांना म्हटलं, अहो, इथे काहीतरी उलटं आहे. तर म्हणाले, सावली कशी सरकते ते तू मला शिकवू नकोस.

मी ते बाबांना सांगितलं, जसंच्या तसं. शेवटच्या वाक्यासकट.

ते बादलीवर बसले होते. त्यांनी मान वर करून सूर्याकडे पाहिलं, मग हातगाडीच्या सावलीकडे. मग डावा हात बाजूला लांब केला, जसे ते वर्गात करत असतील, आणि हळूहळू खाली घेतला.

“बारा वाजता मी सूर्याकडे तोंड केलं,” ते म्हणाले, “आणि ती दक्षिण धरली.”

नवरा आत वळला, कारण त्याला हसू येत होतं आणि ते दिसू द्यायचं नव्हतं. पुण्यात दुपारचा सूर्य वर्षातले बहुतेक दिवस दक्षिणेकडे कललेला असतो. इथे तो उत्तरेला असतो. हे बाबांनी पस्तीस वर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं.

“आठवीच्या पोरांचे यात मी मार्क कापायचो,” ते म्हणाले.

शेजाऱ्याला आम्ही समजावून सांगितलं. तो म्हणाला की गेल्या शनिवारी त्याला शंका आली होती, पण प्रोफेसरसाहेब इतके खात्रीने बोलत होते. त्याची बायको म्हणाली, खात्रीने बोलणाऱ्यांचं असंच असतं, आणि ती बाबांकडे न बघता आपल्या नवऱ्याकडे बघत होती.

सगळ्या दिशा उलट्या, म्हणजे आग्नेयेच्या नेमका समोरचा कोपरा, वायव्य. तिथे माझं लिंबाचं झाड होतं. प्लॉटवरचा सर्वांत जास्त उन्हाचा कोपरा म्हणून मीच पहिल्या वर्षी खड्डा खणून ते लावलं होतं. शेजाऱ्याने झाडाभोवती पहिला फेरा मारला, दुसरा मारला. तिसऱ्या फेऱ्यात तो थांबला. तबकडी त्याच जागेवर दोनदा फिरवली. मग त्याने डोक्यावरचे हेडफोन काढून बाबांच्या कानांना लावले आणि तबकडी पुन्हा फिरवली. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. बाबांचा चेहरा तेवढा दिसत होता.

खोडापासून दोन विती अंतरावर डबी निघाली. माझी कुदळ त्या वर्षी वीतभर अलीकडे पडली असती तर मीच ती फोडली असती. नशिबाच्या बाजूने हा मुद्दा मी शेजारणीच्या कानात सांगितला आणि तिने तो लगेच लक्षात ठेवला. बाबांनी हातांनीच माती बाजूला केली. डबी हिरवी पडली होती, झाकण बसलेलं. शेजाऱ्याचा एक नियम होता, सापडलेली वस्तू जागेवर जोर लावून उघडायची नाही. बाबांनी तो पाळला. डबी ओंजळीत धरून ते स्वयंपाकघरात गेले आणि खोक्यांमध्ये जागा करून बसले. मी खोबरेल तेल दिलं. झाकण निघायला बराच वेळ लागला, आणि नवऱ्याने मदत करू का म्हटलं तर त्याला हाताने थोपवलं.

आत वास्तुपुरुषाची चांदीची प्रतिमा होती, काळी पडलेली. अक्षतांचा लगदा. आणि आईंच्या हिरव्या ब्लाउजच्या कापडाचा बोटभर तुकडा, गाठ मारलेला. मी तो रंग ओळखला. त्यांची गाठही ओळखली. कसलीही पुरचुंडी त्या तशीच बांधत. बाबांनी गाठ सोडवली. मोती ओलीने मंद, मेणचट झाले होते. सोनं काल ठेवल्यासारखं होतं.

“हरवली नव्हती,” ते म्हणाले. “चार वर्षं ऐकून घेतलं तिने.”

आईंनी एकच कुडी का ठेवली, दोन्ही का नाही, हे नवऱ्याने मला त्या रात्री विचारलं. मी म्हटलं, मला काय माहीत. खरं तर मला एक वाटत होतं, आणि अजून वाटतं. त्यांना एकच मुलगा, तो कायमचा इथे राहणार, हे त्यांना आमच्याही आधी कळलेलं होतं. पण त्या असं काही बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. बोलल्या असत्या तरी, कुणी ऐकून घेतलं असतं?

दुसऱ्या दिवशी रविवार. बाबांनी सकाळीच जाहीर केलं की प्रतिमा घराची आहे, ती टूवूंबाला न्यायची नाही, परत पुरायची. फक्त या वेळी आग्नेयेला. प्रतिमा त्यांनी चिंचेने घासून लख्ख केली. मग परसाच्या मधोमध एक काठी रोवली, सावलीच्या टोकाशी खडा ठेवला आणि बादलीवर बसून राहिले. शेजारी होकायंत्र घेऊन आला होता. बाबांनी ते नम्रपणे परत दिलं. वीस मिनिटांनी त्यांनी दुसरा खडा ठेवला. दोन खड्यांमधून रेघ ओढली, सावली सरकली होती तिकडची बाजू पूर्व म्हणून मला दाखवली, आणि माझ्याकडून ‘बरोबर’ असं वदवून घेतल्यावरच ते आग्नेय कोपऱ्याकडे निघाले. शेजाऱ्याने दोन शनिवार चाळून काढलेला तो कोपरा, सबंध वेरिबीत त्याहून स्वच्छ जमीन नसेल. प्रतिमा डबीत घालून त्यांनी पुरली. कुडी सदऱ्याच्या खिशात, दुसरीबरोबर. नव्या मालकांना आम्ही काही सांगितलं नाही. त्यांना कारंजं आवडलं होतं.

निरोपाचा चहा शेजाऱ्यांकडे झाला. शेजाऱ्याने वही काढली. जागा, लिंबाच्या झाडाखाली. खोली, एक फूट. आवाज, स्वच्छ, गोड. शेवटच्या रकान्यापाशी तो अडला, कारण त्याची बायको वाकून बघत होती. तो म्हणाला, अभ्यासाने. ती म्हणाली, केकमुळे, म्हणजे नशिबाने. तो म्हणाला, केक ठेवायला अक्कल लागली ना, मग ते कौशल्यच झालं. ती म्हणाली, माझं कौशल्य, तुझं नव्हे. हे आणखी बराच वेळ चाललं असतं, पण त्याने पेन्सिल बाबांपुढे धरली आणि विचारलं, तुम्हीच सांगा, काय लिहू?

बाबांनी कप खाली ठेवला.

“लिहा,” ते म्हणाले, “बायकोने सांगितलं होतं.”

त्याने ते लिहिलं. थोडा वेळ त्या ओळीकडे पाहिलं, आणि वही मिटायला गेला. त्याच्या बायकोने ती मिटू दिली नाही. मी लायब्ररीत काम करते हे तिला आठवलं, आणि सोमवारी, माझ्या शेवटच्या दिवशी, त्या पानाची झेरॉक्स काढून देशील का, असं तिने मला विचारलं. फ्रिजवर लावायला हवी होती.